गेलेली वर्षे कुणाच्या खात्यावर?



गेल्या महिन्यात आमच्या सल्ला केंद्रावर एक मावशी आल्या होत्या. वय अठ्ठावन्न. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेले कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवले. कारखान्याचा पास, फंडाच्या दोन जुन्या पावत्या, नोकरी सोडल्याचा दाखला. एका कारखान्यात त्यांनी आठ वर्षे पॅकिंगचे काम केले होते. धाकटी मुलगी झाली ती अशक्त, सारखी आजारी. थोरला तेव्हा चार वर्षांचा. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. २००० साली मावशींनी नोकरी सोडली. फंडाचे जे पैसे हाती आले ते घराच्या पत्र्यांना लागले.

त्यांच्याच खात्यात, त्यांच्याच सुमारास लागलेले एक गृहस्थ पुढेही नोकरीत राहिले. त्यांची पेन्शन सुरू झाल्याचे कळले, म्हणून मावशी चौकशीला गेल्या. उत्तर मिळाले ते नियमाला धरूनच होते. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ प्रमाणे महिन्याची पेन्शन मिळायला किमान दहा वर्षांची नोकरी वर्गणीसह भरावी लागते. मावशींची आठच भरत होती. त्यापोटी जे मिळायचे ते नोकरी सोडताना मिळून गेले होते.

मावशी रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "ताई, दोन वर्षं कमी पडली म्हणतात. मग पुढची सगळी वर्षं मी काय झोपा काढत होते का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. असे नाही की उत्तर कुठेच नाही. काही देशांनी, उशिरा का होईना आणि अर्धेमुर्धे का होईना, ते दिले आहे. मूल वाढवण्यासाठी घरी राहिलेल्या आईच्या किंवा बापाच्या पेन्शनच्या खात्यात सरकार ती वर्षे जमा धरते. तिकडे याला 'क्रेडिट' म्हणतात, आपण 'जमा वर्षे' म्हणू. या अंकाच्या निमित्ताने मला त्यातल्या एका देशाची, ब्रिटनची, गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. ती कौतुकाने सांगावी अशी आहे, आणि सावध होऊन ऐकावी अशीही आहे.

आधी तिथला आजचा हिशोब. ब्रिटनमध्ये २०१६ पासून लागू झालेल्या नव्या सरकारी पेन्शनमध्ये पूर्ण रकमेसाठी ३५ वर्षे लागतात आणि काहीही मिळायला किमान दहा. म्हणजे दहा वर्षांचा उंबरठा तिथेही आहेच. २०२५-२६ या वर्षात पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती, म्हणजे खात्यातल्या एकेका वर्षाची किंमत आठवड्याला साधारण साडेसहा पौंड. आता नियम असा, की मुलासाठी मिळणारा सरकारी 'बालभत्ता' ज्या पालकाच्या नावे आहे, त्याच्या खात्यात मूल बारा वर्षांचे होईपर्यंतची वर्षे आपोआप जमा होतात. त्या काळात एक पैसा न कमावताही. म्हणजे आमच्या मावशींचा हिशोब तिथल्या आजच्या नियमाने मांडला, तर नोकरीची आठ आणि धाकटी बारा वर्षांची होईपर्यंतची बारा, अशी वीस वर्षे खात्यावर दिसली असती. उंबरठा ओलांडून त्या अर्ध्याहून जास्त पेन्शनच्या हक्कदार झाल्या असत्या. नवऱ्याच्या नावाने नव्हे, स्वतःच्या.

हे तिथे एका रात्रीत घडले नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना सामाजिक सुरक्षेच्या विषयात आम्ही १९४२ चा बेव्हरिज अहवाल शिकलो. पाळण्यापासून थडग्यापर्यंत प्रत्येक नागरिकाला संरक्षण देणाऱ्या व्यवस्थेचा पाया, असे आम्ही परीक्षेत लिहीत असू. त्यात बायकांचे काय ठरले होते, हे मात्र मी पुष्कळ नंतर, चळवळीत आल्यावर वाचले. बेव्हरिज यांनी गृहिणीचे काम राष्ट्राला आवश्यक असल्याचे मान्य केले होते. पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की विवाहित स्त्री नवऱ्याच्या वर्गणीच्या छत्राखाली येईल. नवरा वर्गणी भरणार, नवऱ्याला पेन्शन मिळणार आणि त्याची बायको म्हणून तिला त्याचा काही हिस्सा मिळणार. हा हिस्सा पुढे नवऱ्याच्या मूळ पेन्शनच्या साठ टक्के असा राहिला. एलिझाबेथ ॲबट आणि कॅथरीन बॉम्पास या दोन कार्यकर्त्यांनी १९४३ मध्येच एक पुस्तिका काढून यावर टीका केली होती. विवाहित स्त्रीला स्वतंत्र नागरिक न मानता नवऱ्याची आश्रित मानण्याची ही चूक आहे, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांचे कुणी ऐकले नाही.

व्यवस्थेने उलट आणखी एक सवलत दिली. नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रीने हवे तर कमी दराने वर्गणी भरावी. पगारातून कापले जाणारे पैसे कमी होत, घरखर्चाला चार पैसे जास्त उरत. लाखो बायकांनी ती घेतली. पण त्या कमी वर्गणीतून स्वतःची पेन्शन उभी राहत नव्हती. ही सवलत १९७७ मध्ये नव्याने घेणे बंद झाले, तोपर्यंत कित्येकींची ऐन उमेदीची वर्षे त्यात निघून गेली होती. नोकरी केली तरी खाते रिकामे, घरी राहिली तरी रिकामे.

बदल झाला तो सत्तरच्या दशकात. बार्बरा कॅसल या सामाजिक सेवा खात्याच्या मंत्री असताना १९७५ मध्ये दोन कायदे झाले. एकाने मुलांसाठी बापाच्या पगारावर मिळणारी करसवलत काढून त्याऐवजी आईच्या हाती थेट बालभत्ता द्यायचे ठरवले. दुसरा पेन्शनचा. पहिल्याला केवढा विरोध झाला! १९७६ मध्ये मंत्रिमंडळाने तो जवळजवळ गुंडाळलाच होता. पुरुषांच्या हातात पडणारा पगार कमी होईल आणि कामगार संघटना चिडतील, ही भीती होती. पैसे तेच होते, घरही तेच होते. फक्त ते बापाच्या खिशाऐवजी आईच्या बटव्यात जाणार होते, आणि तेवढ्यावर सरकार अडले होते. अखेर १९७७ ते १९७९ या काळात टप्प्याटप्प्याने बालभत्ता सुरू झाला.

दुसऱ्या कायद्यातून एप्रिल १९७८ पासून 'घरच्या जबाबदारीचे संरक्षण' आले. त्या वेळी स्त्रीला पूर्ण पेन्शनसाठी ३९ वर्षांची वर्गणी लागे. मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत बालभत्ता घेणाऱ्या आईची घरी काढलेली वर्षे या ३९ मधून वजा होऊ लागली. सोळा वर्षे घरी काढली असतील तर २३ वर्षे भरली की पुरे. मात्र काहीही झाले तरी वीस वर्षे तरी भरलेली हवीतच. आजारी किंवा अपंग माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांनाही हे संरक्षण मिळे. २०१० मध्ये ही पद्धत बदलली. वर्षे वजा करण्याऐवजी ती थेट खात्यात जमा होऊ लागली, पण वयाची अट सोळावरून बारावर आली. २०११ पासून तर आईबाप दोघे नोकरीला जाताना नातवंडे सांभाळणारी आजीही, तिचे स्वतःचे पेन्शनचे वय झाले नसेल तर, सुनेच्या किंवा लेकीच्या संमतीने ती वर्षे आपल्या खात्यावर घेऊ शकते. आपल्याकडच्या किती आज्यांची नावे तुमच्या डोळ्यांपुढे आली असतील!

आता दुसरी बाजू. १९७८ च्या आधीच्या वर्षांना हे संरक्षण नव्हतेच. ज्यांनी पन्नास-साठच्या दशकांत पोरे वाढवली त्यांच्या हाती काही लागले नाही. ज्यांनी कमी दराच्या वर्गणीची सवलत चालू ठेवली होती त्यांनाही त्या वर्षांपुरते ते नाकारले गेले. संरक्षण पूर्ण वर्षालाच मिळे, त्यामुळे ज्या वर्षी बाई चार महिने कामावर आणि आठ महिने घरी होती, ते वर्ष कधी कधी कशातच धरले जात नसे.

पण सर्वांत मोठी फसगत झाली ती कागदावर. बालभत्त्याचे खाते एकीकडे, पेन्शनच्या वर्गणीचे खाते दुसरीकडे. दोन्ही जुळायचे तर अर्जावर बाईचा राष्ट्रीय विमा क्रमांक हवा. मे २००० पर्यंत बालभत्त्याच्या अर्जावर हा क्रमांक लिहिणे सक्तीचे नव्हते. अनेकींनी लिहिला नाही. लिहायचा असतो, त्यावर आपले म्हातारपण अवलंबून आहे, हे त्यांना कुणी सांगितलेही नाही. भत्ता मिळत राहिला, पण वर्षे मात्र खात्यावर चढलीच नाहीत. या बायका पेन्शनीत निघाल्या तेव्हा त्यांना कमी पेन्शन मिळाली आणि बहुतेकींना वाटले, आपला हक्कच एवढा असेल. सरकारने हा घोळ जाहीरपणे मान्य केला तो २०२२ मध्ये. २०२३ च्या शरद ऋतूत त्या स्त्रियांना पत्रे जाऊ लागली. सरकारच्याच तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे बाधितांची संख्या लाखाच्या पुढे होती. त्यातल्या बहुतेक साठी-सत्तरीच्या बायका. काहीजणी वाट पाहून गेल्याही होत्या. अर्जावरची एक रिकामी चौकट, आणि तीस-चाळीस वर्षांनी त्याचा हा परिणाम.

जुनी चूक कळल्यावर तरी शहाणपण येते का? जानेवारी २०१३ पासून, ज्या घरात नवराबायकोपैकी एकाचे उत्पन्न वर्षाला ५०,००० पौंडांच्या वर आहे, त्यांच्याकडून बालभत्ता कराच्या रूपाने परत घेतला जाऊ लागला. (२०२४ मध्ये ही मर्यादा ६०,००० झाली.) पुष्कळ घरांनी विचार केला, परतच करायचा तर अर्ज कशाला? अर्ज नाही म्हणजे बालभत्त्याची नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे घरी असलेल्या आईची जमा वर्षेही नाहीत. पैसे नकोत पण नोंद हवी, असा अर्ज करता येत होता. पण ते माहीत असायला हवे ना! काही घरांत अर्ज नोकरीवाल्या नवऱ्याच्या नावे केलेला असे. त्याला त्या वर्षांचा उपयोग शून्य, कारण त्याची वर्षे नोकरीतून भरतच होती. वर्षे बायकोच्या नावावर करून घेता येतात, पण त्यासाठी वेगळा अर्ज हवा. अशा हुकलेल्या वर्षांची भरपाई करण्याचे आश्वासन सरकारने २०२३ मध्ये दिले.

या सगळ्यातून मी जे शिकले ते असे. हक्क अर्जावर अवलंबून ठेवला, की तो हक्क अर्ज करू शकणाऱ्यांचा होतो. बाईने मूल वाढवले, हे सरकारला माहीत असतेच. जन्माची नोंद त्याच्याकडे असते, लसीकरणाची, शाळेची असते. मग पेन्शनच्या खात्याला तेवढे कळू नये?

जर्मनीचेही थोडक्यात सांगते. तिथे १९८६ मध्ये एका मुलामागे एक वर्ष आईच्या पेन्शनमध्ये धरणे सुरू झाले. युद्धानंतर उद्ध्वस्त शहरांतला ढिगारा हातांनी उपसणाऱ्या, मुले वाढवणाऱ्या वयोवृद्ध बायका, १९२१ च्या आधी जन्मलेल्या, यातून सुरुवातीला वगळल्या गेल्या होत्या. त्यावर संताप उसळला आणि त्यांच्यासाठी वेगळी तरतूद करावी लागली. १९९२ पासून जन्मलेल्या मुलांमागे तीन वर्षे मिळू लागली. आधीच्या मुलांच्या आया मात्र एकावरच राहिल्या. २०१४ मध्ये त्यांची दोन झाली, २०१९ मध्ये अडीच. जर्मन पद्धतीतल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, त्या वर्षांची वर्गणी सरकार स्वतः पेन्शन निधीत भरते. ती कुणाची मेहरबानी राहत नाही, हिशोबातली रक्कम होते. दुसरे, आई त्या काळात नोकरी करत असली तरी तिची ही वर्षे बुडत नाहीत, एका ठरावीक मर्यादेपर्यंत ती नोकरीच्या वर्गणीत मिळवली जातात.

हा दुसरा मुद्दा आपल्या चळवळीतल्या एका जुन्या वादाशी जोडलेला आहे. १९७२ पासून सेल्मा जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरकामाला मोबदला मागण्याची मोहीम उभारली, तेव्हापासून आपण त्यावर भांडत आलो आहोत. शिबिरांत रात्री उशिरापर्यंत चाललेल्या चर्चा मला आठवतात. घरी राहिल्याबद्दल बाईला काही दिले, तर तिला घरीच डांबण्याची ती लाच ठरणार नाही का? 'मिळतेय ना सरकारकडून, मग बस घरी', असे नवरा म्हणणार नाही का?

ही भीती खोटी नाही, आणि ती मी झटकून टाकणार नाही. पण ती भीती आणि आमच्या मावशी समोरासमोर ठेवून पाहा. मावशींनी घरी राहायचे ठरवले तेव्हा पेन्शनचा विचार त्यांच्या मनात नव्हता. पाळणाघर परवडत नव्हते, कारखान्यात मूल ठेवायची सोय नव्हती, नवऱ्याने रजा घेण्याचा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नाही. जमा वर्षे नव्हती म्हणून काही त्या नोकरीत टिकल्या नाहीत. त्यांना फक्त शिक्षा झाली, आणि तीही वीस-पंचवीस वर्षांनी, वय झाल्यावर. पाळणाघरे हवीत, बापाला रजा हवी, समान वेतन हवे, या मागण्या आपण सोडायच्या नाहीतच. पण त्या पुऱ्या होईपर्यंत ज्या बायकांचे आयुष्य निघून गेले, त्यांच्याकडे पाठ फिरवून आपली तात्त्विक शुद्धता जपण्यात काय अर्थ आहे? म्हणूनच जमा वर्षे घरी राहण्यासाठी न देता मूल वाढवण्यासाठी द्यावीत, आईला किंवा बापाला, आणि नोकरी करत ज्या मूल वाढवतात त्यांनाही. मग ती घरी डांबण्याची लाच होणार नाही.

आता आपल्याकडे वळते. बाईच्या घरच्या कामाची मोजदाद आपल्या सरकारला येत नाही असे नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत दिसले, की घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. सहा वर्षांवरच्या सर्वांचा हा हिशोब आहे. किंमत करताही येते. मोटार वाहन कायद्यात १९९४ मध्ये एक कोष्टक घातले गेले. अपघातात दगावलेल्या, न कमावणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एकतृतीयांश धरावे, असे त्यात म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशाच एका खटल्यात जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांबरोबर बिगर-कामकरी गणल्याबद्दल ताशेरे ओढले. २०२१ मध्ये पुन्हा गृहिणीच्या कामाचे काल्पनिक उत्पन्न धरण्याची गरज ठासून सांगितली. म्हणजे बाई गाडीखाली मेली, की तिच्या कामाचे मोल ठरते आणि ते वारसांना मिळते. तीच बाई जगली आणि म्हातारी झाली, तर तिच्या कामाचे मोल शून्य.

म्हातारपणी तिच्या हाती काय येते? केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ६० ते ७९ वयापर्यंत केंद्राचा वाटा वर्षानुवर्षे महिना २०० रुपयांवर अडकला आहे, तोही दारिद्र्यरेषेखालच्यांना. आपल्या राज्यात संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांची रक्कम २०२३ मध्ये १००० वरून १५०० रुपये झाली. पण दाखल्यांचा ढीग आणि वर्षाला २१,००० रुपयांची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा यांतून वाट काढणे म्हणजे काय, हे आपल्या कार्यकर्त्यांना विचारा. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा महिना १५०० रुपये २१ ते ६५ वयाच्या बायकांसाठी ठरले. त्या पैशाने कित्येक घरांत बाईच्या शब्दाला थोडे वजन आले, हे मी पाहिले आहे. पण पासष्टीनंतर, ऐन गरजेच्या वयात, ती योजना संपते. शिवाय ती बहिणीला दिलेली ओवाळणी आहे. ओवाळणी भावाच्या मर्जीवर असते. तिचा हिशोब मागता येत नाही.

आणि आपले दुखणे ब्रिटनपेक्षा खोल आहे, हेही मान्य करायला हवे. जमा वर्षे चढवायला आधी खाते असावे लागते. शेतमजूर, घरकामगार, फेरीवाल्या, घरी बसून विड्या वळणाऱ्या बहुसंख्य बायकांना नोकरीतून पेन्शन देणारे खातेच नाही. त्यांच्यासाठी नुसती जमा वर्षांची मागणी केली, तर ती मूठभर नोकरदार बायकांची मागणी ठरेल. म्हणून चर्चेसाठी मी चार मागण्या तुमच्यापुढे ठेवते.

पहिली, कर्मचारी पेन्शन योजनेत प्रत्येक मुलामागे निदान दोन वर्षे नोकरीत धरावीत, दहा वर्षांच्या उंबरठ्यासाठीही आणि पेन्शनच्या रकमेसाठीही. वर्गणी सरकारने भरावी. आईने नोकरी सोडली तर आईला, बापाने सोडली तर बापाला. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यालाही हेच लागू व्हावे.

दुसरी, असंघटितांसाठी असलेल्या वर्गणीच्या योजनांत, म्हणजे २०१५ ची अटल पेन्शन किंवा २०१९ ची श्रमयोगी मानधन, बाळंतपण आणि लहान मुलाच्या काळातले बाईचे हप्ते सरकारने भरावेत. आज अटल पेन्शनचा हप्ता चुकला तर दंड लागतो. बाळंतपणाबद्दल दंड, असाच त्याचा अर्थ होतो.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत निकडीची, साठीनंतर प्रत्येक स्त्रीला तिच्या स्वतःच्या नावे, नवऱ्याचे किंवा मुलाचे उत्पन्न न विचारता, जगता येईल एवढी पेन्शन. तिने आयुष्यभर काम केले, एवढे कारण पुरे. कुणी विचारेल, पैसा कुठून? तर साबण, चहापत्ती, रॉकेल, चप्पल घेताना तिने आयुष्यभर कर भरलाच आहे.

चौथी मागणी ब्रिटनच्या अनुभवातून. नोंद आपोआप व्हावी, अर्जावर सोडू नये. जन्मनोंदणीत आईचे नाव असते, अंगणवाडीच्या वहीत असते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचे नाव सक्तीचे झाले. नाव आले, आता त्या नावाखाली वर्षेही यावीत. आणि माहेरचे नाव, सासरचे नाव, आधारवरचे स्पेलिंग यांतल्या फरकापायी बाईचे एकही वर्ष गहाळ होता कामा नये.

तोवर आपल्या हातात आहे तेवढे करू या. आपल्या गटात ज्या मैत्रिणी नोकरी सोडण्याच्या विचारात असतील, त्यांना सांगा की दहा वर्षे भरली नसतील तर पेन्शनची रक्कम काढून घेण्याआधी योजना प्रमाणपत्राची चौकशी करा. ते घेतले तर पुढे कधी पुन्हा नोकरी लागल्यावर आधीची वर्षे तिला जोडता येतात. आमच्या मावशींना हे २००० साली कुणीच सांगितले नव्हते.

येत्या बैठकीत प्रत्येकीने एक कागद घ्यावा. आपली, आपल्या आईची आणि सासूची वर्षे त्यावर मांडावीत. किती पगारावर, किती बिनपगारी आणि त्यांतली किती आज कुणाच्या तरी हिशोबात आहेत. ते कागद आमच्याकडे पाठवा. निवेदनाला जोडायला याहून चांगला पुरावा नाही.

मावशींचा कागद माझ्याकडे आहे. आम्ही दोघींनी बसून तो लिहिला. आठ वर्षांपर्यंत त्यांचा आवाज ठाम होता. पुढची वर्षे सांगताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे पण लिहायचं?"

हो मावशी, हेच तर लिहायचे आहे.